पहिला वस्तरा घेताना: पातं, पाठ, टोक आणि धार कशी पारखावी

नवाकोरा वस्तरा दाढीला तयार असतोच असं नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या नामांकित कारखान्यातून निघालेलं पातंही कित्येकदा यंत्रावरची कामचलाऊ धार घेऊन येतं आणि धार लावायच्या दगडावरचं शेवटचं काम राहिलेलं असतं. नवशिक्याला याची कल्पना नसते. तो फेस लावतो, पातं गालावर टेकवतो, केस ओढले जातात, म्हणून जोर लावतो आणि कापून घेतो. चार वेळा असं झालं की वस्तरा खणात जातो आणि आपला हातच या कामाचा नाही अशी समजूत होते. म्हणून आमचा सल्ला असा: पहिला वस्तरा घेताना कंपनीचं नाव दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. शेवटची धार कोणी लावली, हा प्रश्न पहिला.

सलूनमधला वस्तरा आणि हा वस्तरा

आज आपल्या सलूनमध्ये दिसतो तो ब्लेडचा वस्तरा. दुहेरी धारेचं ब्लेड मधोमध मोडून त्यातलं अर्धं पकडीत सरकवायचं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावायचं, अशी ती पद्धत. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून सलूनसाठी हेच योग्य आहे. या लेखात वस्तरा म्हणजे मात्र अखंड पात्याचा, घडीचा, पुन्हापुन्हा धार लावायचा जुना वस्तरा.

‘आधी ब्लेडच्या वस्तऱ्यावर हात बसवतो, मग खरा घेतो’ असं बरेच जण ठरवतात. खर्चाच्या दृष्टीने ते ठीक आहे. ब्लेडची पकड शंभर-दोनशे रुपयांत येते आणि धार लावायची कटकट नाही. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. अर्धं ब्लेड अत्यंत तीक्ष्ण आणि पकडीत ताठ असतं, त्याला वजन नसतं आणि कोन जरा चुकला की ते लगेच चावतं. अखंड पातं जड असतं, आपल्या वजनाने चालतं आणि त्याची धार त्वचेला अधिक सौम्य लागते. त्यामुळे ब्लेडच्या वस्तऱ्याने तोंड कापून घेतलेल्या माणसाने खऱ्या वस्तऱ्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. दुसरीकडे, ब्लेडवर हात बसला तरी दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवायची सवय त्यातून मिळत नाही, आणि अर्धी विद्या तीच आहे.

एक सूचना इथेच. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, हाताला कंप असेल, मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, किंवा त्वचेवर पुरळ-फोड वरचेवर येत असतील, तर वस्तरा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रुंदी: पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश

पात्याची रुंदी पाठीपासून, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेपासून, धारेपर्यंत मोजतात आणि ती इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ४/८ म्हणजे १२.७ मिलिमीटर, ५/८ म्हणजे जवळपास १६, ६/८ म्हणजे १९, ७/८ म्हणजे २२ आणि ८/८ म्हणजे पूर्ण इंच, २५.४ मिलिमीटर. लांबी बहुतेक वस्तऱ्यांची तीन इंचांच्या आसपासच असते, त्यामुळे निवडीत तिचा प्रश्न येत नाही.

पहिल्यासाठी ५/८ किंवा ६/८. अरुंद पातं नाकाखाली आणि हनुवटीच्या खाचेत सहज वळतं, पण हलकं असल्याने नवखा हात नकळत दाबतो. शिवाय फेस साठवायला त्यावर जागा कमी, दोन फटकाऱ्यांनंतर पुसावं लागतं. ८/८ सारखं रुंद पातं वजनाने छान चालतं, पण मिशीच्या कडेला त्याचं टोक नेमकं कुठे आहे हे दिसत नाही. ५/८ वर हात लवकर वळतो. दाढी राठ असेल तर आम्ही ६/८ सुचवू, कारण त्याचं वजन जास्त काम करतं.

पातं किती पोकळ घासलेलं आहे

वस्तऱ्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला पोकळ घासलेल्या असतात. पोकळी जितकी खोल, तितकं धारेजवळचं पोलाद पातळ. विक्रेते याला फुल हॉलो, हाफ हॉलो, क्वार्टर हॉलो म्हणतात, आणि पोकळी जवळजवळ नसलेल्या पाचरीसारख्या पात्याला वेज.

फुल हॉलो पातं नखाने हलकं दाबलं तर किंचित लवतं, आणि राठ केस कापताना बारीक किणकिणतं. हा आवाज फार उपयोगाचा. कोन बरोबर असला की तो एकसारखा येतो, कोन बिघडला की बदलतो किंवा बंद पडतो. शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही. शिवाय दगडावर थोडंच पोलाद घासावं लागत असल्याने धार लवकर चढते. तोटा इतकाच की पातळ धार धक्का सहन करत नाही. नळाला एकदा टेकली की खपली उडते.

हाफ हॉलो अधिक ताठ असतं, चुकांना थोडं जास्त सांभाळून घेतं आणि राठ दाढीत लवत नाही. दोन्हींपैकी काहीही चालेल. वेज मात्र पहिल्यासाठी नको. दगडावर त्याचा बराच मोठा पृष्ठभाग घासला जातो आणि नवख्याकडून ती धार लवकर जमत नाही.

टोक

टोकाचा आकार हा शोभेचा भाग वाटतो, पण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त जखमा टोकानेच होतात. चौकोनी टोकाचा कोपरा सुईसारखा असतो. डोळा मधल्या धारेवर असतो आणि कोपरा कानाच्या पाळीत किंवा नाकपुडीच्या कडेत रुततो. गोल टोकात कोपराच नाही, म्हणून पहिला वस्तरा गोल टोकाचाच घ्यावा. फ्रेंच टोक एका बाजूने उतरतं आणि खाली टोकदार राहतं, स्पॅनिश टोकाला आत वळलेला बाक असतो. कल्ले आणि दाढीची रेघ आखायला ही टोकं चांगली, पण नंतर.

चौकोनी टोकाचा चांगला वस्तरा आधीच हातात आला असेल तर तो टाकून देऊ नका. बारीक दगडावर कोपरा दोन-तीन वेळा अगदी हलका फिरवून जेमतेम अर्धा मिलिमीटर बोथट करून घेता येतो. कोपरा नखावर टेकवून बघा, ओरखडा उठेनासा झाला की थांबा.

पोलाद

कार्बन स्टील की स्टेनलेस, यावर शौकीन मंडळी तासन्तास बोलतात. नवशिक्यासाठी फरक साधा आहे. कार्बन स्टीलवर धार लवकर चढते आणि बाजारात निवडही जास्त, पण ते गंजतं. स्टेनलेसला धार चढायला वेळ लागतो, गंज मात्र सावकाश येतो. झोलिंगेनच्या त्स्विलिंग कंपनीने १९३९ मध्ये थंड प्रक्रियेने कडक केलेलं ‘फ्रिओडूर’ स्टेनलेस आणलं. त्या शिक्क्याचे जुने वस्तरे आजही आवर्जून शोधले जातात.

मुंबई, कोकणपट्टी आणि गोव्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर, कार्बन स्टीलच्या धारेवर एका रात्रीत तपकिरी ठिपके येऊ शकतात. तिथे राहणाऱ्याने आणि रोजची पुसापुशी जमणार नाही असं ज्याला आधीच वाटतं त्याने स्टेनलेस घ्यावं. सोलापूर-संभाजीनगरच्या कोरड्या हवेत कार्बन स्टील निर्धास्त घ्या.

‘दमास्कस’ नक्षीच्या स्वस्त वस्तऱ्यांपासून दूर राहा. खरं थरांचं पोलाद घडवणं आणि त्याला वस्तऱ्याच्या धारेइतकं कडक करणं हे महागडं काम आहे. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या पात्यावरची नक्षी अनेकदा केवळ आम्लाने उठवलेली असते आणि खालचं पोलाद नरम असतं. नरम पोलादाला धार येते, पण पहिल्या गालावरच मुडपते. अशा वस्तूला वस्तऱ्याच्या आकाराचं खेळणं म्हणावं. ती कितीही वेळा दगडावर घातली तरी सुधारत नाही.

मूठ, शेपूट आणि खीळ

मुठीच्या दोन पट्ट्या प्लॅस्टिक, लाकूड, शिंग किंवा सेल्युलॉइडच्या असतात. दाढीच्या गुणवत्तेशी त्यांचा संबंध नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, शिंग वाकतं आणि त्याला कीड लागते. साधं प्लॅस्टिक काहीच कुरकुर करत नाही. पहिल्या वस्तऱ्यात पैसे मुठीवर घालू नका.

तीन गोष्टी मात्र बघा. पातं अर्धं उघडून सोडलं तर ते आपोआप लटकता कामा नये. पातं मुठीला जोडणाऱ्या खिळीला इतकी घट्ट पकड हवी की हलवलं तर सरकेल, सोडलं तर थांबेल. मिटवताना पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे उतरावं. धार एका पट्टीला घासत असेल तर रोज मिटवताना ती बोथट होत राहील. आणि पात्यामागच्या शेपटीला खालच्या अंगाने बारीक खाचा असतील तर उत्तम, कारण साबणाच्या हाताने पकड तिथेच सुटते.

डावखुऱ्यांनी वेगळा वस्तरा शोधायची गरज नाही, घडीचा वस्तरा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. जपानी कामिसोरी बिनघडीचा असतो आणि त्याच्या दोन बाजू सारख्या घासलेल्या नसतात, म्हणून तो पहिला घेऊ नये.

नवा की जुना

नव्यात झोलिंगेनचे डोव्हो (१९०६ पासून) आणि बोकर (१८६९ पासून), तसंच फ्रान्समधल्या तिएर गावातलं तिएर-इस्सार (१८८४ पासून) ही खात्रीची नावं. यांच्या साध्यात साध्या वस्तऱ्यालाही युरोपात साधारण शंभर युरोंच्या पुढे मोजावे लागतात. भारतात मागवला तर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं. ‘झोलिंगेन’ हे नाव जर्मनीत कायद्याने राखलेलं आहे. तिथे मुख्य काम झालेल्या मालावरच ते घालता येतं. नकली शिक्के तरीही फिरतात, म्हणून फक्त ‘झोलिंगेन’ लिहिलंय आणि कारखान्याचं नाव कुठेच नाही, असा वस्तरा संशयानेच बघावा.

आमचं मत विचाराल तर पहिला वस्तरा जुना, पण जाणकाराने दुरुस्त करून धार लावलेला घ्या. इंग्लंडमधल्या शेफिल्ड, झोलिंगेन आणि स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना इथल्या जुन्या कारागिरांचं पोलाद आणि घासणी आजच्या मध्यम किमतीच्या मालापेक्षा अनेकदा सरस असते. आणि असा वस्तरा देणाऱ्याने त्याच्यावर स्वतः दाढी करून पाहिलेली असण्याची शक्यताही जास्त. काही वस्तरे आपल्याकडे घरातच सापडतात, आजोबांच्या पेटीत किंवा एखाद्या जुन्या सलूनच्या धोकटीत. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारातही हाती लागू शकतात. तिथे भाव करण्याआधी पुढची तपासणी घाई न करता उरका.

आधी गंज. पात्याच्या मधल्या भागावरचे डाग, काळपटपणा, तांबूस पापुद्रा याने काही बिघडत नाही. पॉलिशने निघतं किंवा तसंच राहू द्यावं. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात मात्र काळे खड्डे असतील तर वस्तरा सोडा. खड्डा खोलवर गेलेला असतो. घासत गेलं की तिथली धार खपलीसारखी तुटते.

मग भेगा. उजेडाकडे धरून धारेपासून वर जाणारी केसासारखी रेघ शोधा. टाचेजवळ, म्हणजे धारेच्या शेपटीकडच्या टोकाजवळ, आणि खूप पातळ पात्याच्या मधोमध ती जास्त आढळते. भेग दिसली की तो वस्तरा फक्त कपाटात ठेवण्याजोगा. भेगेचं पातं कधी तुटेल सांगता येत नाही.

धारेची रेघ बाजूने पाहा. ती सरळ असावी किंवा मधे किंचित फुगीर. मधे आत गेलेली, म्हणजे दोन्ही टोकं पुढे आणि मध्य मागे, अशी धार दगडावर मधे टेकतच नाही. खूप फुगीर, हसरी धार वाईट नसते, पण ती दगडावर डोलवत घासावी लागते आणि ते कसब नंतर येतं.

आता पाठ. हा भाग बहुतेक जण बघतच नाहीत, आणि वस्तऱ्याचं सगळं गणित इथेच आहे. वस्तरा दगडावर घासताना धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन हाताने धरायचा नसतो, तो पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने आधीच ठरलेला असतो. चांगल्या वस्तऱ्यात हा कोन १५ ते १९ अंशांच्या दरम्यान पडतो. व्हर्निअर कॅलिपरने पाठीची जाडी मोजा आणि रुंदीने भागा. उत्तर पाव आणि एक-तृतीयांश यांच्या मधे यायला हवं. १६ मिलिमीटर रुंद पात्याला ४.२ ते ५.३ मिलिमीटर जाड पाठ, १९ मिलिमीटरला ५ ते ६.३.

जुन्या वस्तऱ्यात हे का बिघडतं? वर्षानुवर्षं दगडावर धार आणि पाठ बरोबर झिजत गेली तर प्रमाण टिकतं. पण पाठीला चिकटपट्टी लावून किंवा पाठ उचलून धार घासली गेली असेल तर फक्त रुंदी कमी होते. मूळचं ६/८ पातं ४/८ वर आलं, म्हणजे १२.७ मिलिमीटर उरलं आणि पाठ ५.५ मिलिमीटरच राहिली, तर कोन २४ अंशांच्या वर जातो. त्याला कितीही धार लावा, केस कापण्याऐवजी ओढलेच जाणार. उलट पाठ फार झिजून कोन १४ अंशांच्या खाली गेला तर धार इतकी बारीक होते की एक-दोन दाढ्यांत चुरते.

पाठीवर दोन्ही बाजूंना दगडाने पडलेली सपाट चकचकीत पट्टी दिसेल. एक-दीड मिलिमीटर रुंद आणि शेंड्यापासून टाचेपर्यंत सारखी असेल तर ठीक. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर पातं वाकलेलं आहे किंवा वाकडं घासलेलं आहे. पडताळा सोपा: जाड काचेवर पातं आडवं, पाठ आणि धार दोन्ही टेकवून ठेवा, न सरकवता. मग एका टोकाला बोटाने अलगद स्पर्श करा. टकटक डुगडुगलं तर वाकलेलं आहे. थोडा वाक अनुभवी माणूस सांभाळून घेतो, पहिल्या वस्तऱ्यात तो नको.

जुन्या सेल्युलॉइड मुठी आणखी एक घात करतात. हे प्लॅस्टिक कुजायला लागलं की त्यातून आम्लयुक्त वायू निघतो आणि मिटलेलं पातं आतल्या आत गंजतं. मुठीच्या आत झाकला जाणारा भागच गंजलेला आणि बाहेरचा स्वच्छ, हे त्याचं चिन्ह. मूठ चिकट लागली, तडकली असेल किंवा कापरासारखा-व्हिनेगरसारखा वास आला, तर ती बदलल्याशिवाय वस्तरा वापरू नका. सेल्युलॉइड झटकन पेटतंही, तेव्हा ज्योतीजवळ नेऊन परीक्षा करू नये.

हस्तिदंती मुठीचे शेफिल्डचे वस्तरे सुंदर असतात, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनुसार भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री बेकायदा आहे. परदेशातून मागवण्याचा विचारही करू नका.

शिक्क्यावरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. त्यामुळे ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा शिक्का असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. नुसतं ‘शेफिल्ड’ असेल तर तो त्याआधीचा असू शकतो. वय जास्त म्हणजे किंमत जास्त, असं मात्र मानू नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून हे फोटो मागा: दोन्ही बाजू, पाठ वरून, धार शेंड्याकडून समोरासमोर, आणि मिटलेला वस्तरा वरून. जो शेंड्याकडचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका. आणि हे तीन प्रश्न विचारा: धार हाताने लावली का, शेवटचा दगड किती ग्रिटचा होता (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा, जास्त तितका दगड बारीक), आणि त्यानंतर या पात्याने कोणी दाढी केली आहे का. ‘फॅक्टरी शार्प आहे’ हे तिन्हींचं उत्तर नव्हे.

जुना वस्तरा घरी आल्यावर साबणाच्या पाण्याने, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्वतःचा वस्तरा मित्राला, भावाला, कोणालाही वापरायला देऊ नका. कावीळ-ब सारखे आजार न दिसणाऱ्या रक्तातूनही जातात.

धार खरंच आहे का

अंगठा धारेवरून फिरवून बघायची सवय विसरा. कागद कापून बघणंही नको, कागद धारेला खातो. त्याऐवजी पातं टेबल लॅम्पखाली धरा, धार डोळ्यांकडे. धारदार रेघ प्रकाश परतवतच नाही. कुठे बारीक चमचमता ठिपका दिसला तर तिथे धार बोथट आहे किंवा खपली उडालेली आहे. घड्याळजी वापरतो तसं दहापट भिंग असेल तर धारेलगतचा पैलू, म्हणजे दगडाने घासलेली अरुंद पट्टी, तीही तपासा. दोन्ही बाजूंना त्याची रुंदी शेंड्यापासून टाचेपर्यंत सारखी असावी.

नंतर हातावरचे केस. पातं त्वचेपासून पाच मिलिमीटर वर धरून केसांच्या शेंड्यांतून न्या. केस न वाकता, टप्पकन तुटून पडले तर वस्तरा गालाला लावायला हरकत नाही. शेंडा, मध्य, टाच असं तिन्ही ठिकाणी करा. टाचेकडे केस वाकत असतील तर पात्याच्या खांद्याजवळची, म्हणजे पातं शेपटीला मिळतं तिथली, जाड पट्टी दगडावर अडली आणि तिथे धार बसलीच नाही, असा अर्थ. स्वस्त चिनी वस्तऱ्यांचा हा ठरलेला दोष, आणि तो काढायला खांदा घासून कमी करावा लागतो.

पहिल्या वस्तऱ्याला दगडावर स्वतः धार लावू नका. १००० ग्रिटवर पैलू बसवणं, मग ३०००-४०००, ८००० आणि शेवटी १२००० च्या आसपास, हा क्रम वाचायला सोपा आहे. पण बरोबर धार कशी लागते हे गालाला माहीत झाल्याशिवाय दगडावर कुठे थांबायचं हे कळत नाही. सायकलचं चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्यांकडे तर वस्तरा कधीही देऊ नका. त्या चाकाचा वेग आणि खरखरीतपणा पात्याची पातळ कड तापवून नरम करतो आणि एका मिनिटात पाव वस्तरा खातो.

पट्टा वस्तऱ्याबरोबरच घ्या

चामड्याच्या पट्ट्याशिवाय वस्तरा दोन-तीन दाढ्यांपलीकडे जात नाही. प्रत्येक दाढीत धारेची सूक्ष्म कड वाकते, पट्टा ती सरळ करतो. एका बाजूला जाड सुती किंवा तागाचं कापड आणि दुसऱ्या बाजूला चामडं असा टांगायचा पट्टा घ्या, तीन इंच रुंद. अडीच इंची पट्ट्यावर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं, तीन इंचीवर ते जवळजवळ सरळ जातं.

दर दाढीआधी कापडावर २०-२५ फेऱ्या आणि चामड्यावर ५०-६०. पाठ पुढे, धार मागे. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, वजन फक्त पात्याचं. टोकाला पोचल्यावर आधी थांबा, मग पाठीवर पातं उलटा, मग परत या. धारेवर उलटलात तर धार गोल होते आणि चामडं कापलं जातं. पट्टा ताणून धरा. मधे झोळ पडला तर चामडं धारेभोवती वळतं आणि तिला बोथट करतं. सुरुवातीला अगदी सावकाश. वेगाने धारेत काही भर पडत नाही. पहिल्या पट्ट्यावर काप पडणारच, म्हणून तो स्वस्तातला घ्या आणि पडलेले काप बारीक पॉलिश पेपरने घासून बसवा.

पैशाची वाटणी साधारण अशी ठेवा: अर्धे वस्तऱ्याला, पाव पट्ट्याला, पाव राखून ठेवा, पुढच्या वेळी दगडावर धार लावून घ्यायला. दोन ते सहा महिन्यांत ती वेळ येते. दाढी किती राठ आहे आणि पट्टा किती नीट फिरतो यावर ते अवलंबून. मधल्या काळात क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड चोळलेल्या वेगळ्या पट्टीवर दहा-बारा फेऱ्या मारल्या तर दगडाची वेळ आणखी लांबते. रोजच्या चामड्याला ती पूड कधीही लावू नका.

पहिल्या दाढ्यांतून वस्तऱ्याची परीक्षा

पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने, बाकी नेहमीच्या रेझरने. आंघोळीनंतर, केस मऊ असताना, ओलसर फेसावर. मोकळ्या हाताने त्वचा ताणा, पातं त्वचेशी साधारण ३० अंशांवर ठेवा, म्हणजे पाठ त्वचेपासून तिच्या जाडीच्या साधारण एक-दीडपट वर राहते. केसांच्या दिशेने, दोन-तीन सेंटिमीटरचे फटकारे. उलट दिशेने महिनाभर तरी नको. पातं कधीही आडवं, धारेच्या रेघेत सरकवू नका. खोल जखम त्यानेच होते.

केस ओढले जात असतील तर आधी कोन कमी करून पाहा. तरीही ओढलेच जात असतील तर धार कमी आहे, थांबा आणि विक्रेत्याला कळवा. केस नीट कापले जाताहेत पण त्वचा जळजळते, असं असेल तर बहुधा कोन जास्त आहे किंवा दाब पडतोय. पहिल्या दिवशी उत्तम चाललेला वस्तरा चौथ्या दिवशी ओढू लागला, तर दोष जवळजवळ नेहमी पट्ट्यावरच्या हातात असतो. अशा वेळी विक्रेत्याशी भांडू नका, पट्ट्याचा वेग निम्मा करा. बारीक ओरखड्याला ओली तुरटी पुरते.

पुसणं आणि ठेवणं

दाढी झाल्यावर पातं धुताना खिळीत पाणी जाऊ देऊ नका, तिथला गंज दिसत नाही आणि निघतही नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर धारेवर सुकतो, म्हणून शेवटी पिण्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मग टिश्यूने कोरडं करा. पट्ट्यावर चार-पाच फेऱ्या मारल्या की धारेतला उरलेला ओलावाही जातो. लगेच मिटू नका. तासभर उघडा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

दोन दिवसांपेक्षा जास्त वापर होणार नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकटतं. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, आणि पावसाळ्यात चामड्याच्या घट्ट म्यानातही नको, चामडं ओल धरून ठेवतं. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. विमानप्रवासात तो केबिनच्या सामानात चालत नाही. पातं मिटून, मुठीला रबर लावून, चेक-इन बॅगेत टाका.